वनस्पतींचा गार चहा आणि लिंबू सरबत एकत्र करताना: क्रम, प्रमाण आणि हमखास होणाऱ्या चुका

पुदिना, गवती चहा, लाल अंबाडी किंवा आले यांचा गार चहा करून त्यात लिंबू सरबत मिसळण्याचा प्रयत्न अनेक जण घरी करतात आणि बहुतेकांची तक्रार तीनपैकी एक असते. पेय पाणचट झाले, कडवट झाले, किंवा पहिल्या दिवशी छान लागले आणि दुसऱ्या दिवशी तोंडात धरवेना. साहित्य वाईट असल्यामुळे असे क्वचितच होते. पाणी, पाने, साखर आणि लिंबू एकाच पातेल्यात एकदम पडतात, सगळे मिळून उकळते, आणि ते गरम असतानाच बर्फावर ओतले जाते, इथे खरी चूक होते. वनस्पतीला कडक उष्णता लागते, साखरेला ती थोडी लागते, लिंबाला ती मुळीच सोसत नाही आणि बर्फाची पाळी सर्वांत शेवटी येते. हा क्रम सांभाळला तर हे पेय साध्या साहित्यातही उत्तम होते, आणि तो मोडला तर महागडी वाळवलेली फुले वापरूनही ते सावरत नाही.

खालील प्रमाण सुमारे १.३ ते १.४ लिटर पेयाचे आहे. २०० मि.ली.चा एक ग्लास धरल्यास बर्फ वगळून सहा ते सात ग्लास होतात.

साहित्य

- वनस्पतींच्या दाट चहासाठी पाणी: ७०० मि.ली. (गाळल्यावर सुमारे ६०० मि.ली. उरते)
- वनस्पती: एकच प्रकार असल्यास वाळलेली १२ ग्रॅम किंवा ताजी पाने ३० ग्रॅम
- लिंबाचा रस: १२० मि.ली.; लाल अंबाडी वापरल्यास ९० मि.ली.
- साखर १०० ग्रॅम आणि तिच्यासाठी पाणी १०० मि.ली.
- नंतर घालायचे गार पाणी: ५०० मि.ली. (यातले १०० मि.ली. हातचे राखून ठेवावे)
- मीठ: चिमूटभर
- बर्फ: वाढताना लागेल तसा

१. तयारी: भांडी, पाणी आणि मोजमाप

स्टेनलेस स्टील, काच किंवा तडा न गेलेले इनॅमलचे भांडे वापरावे. लिंबाचा रस आणि लाल अंबाडीचा चहा हे दोन्ही आम्लधर्मी असतात, त्यामुळे ॲल्युमिनियमच्या, तांब्याच्या किंवा कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ते ठेवू नयेत. धातू पेयात उतरतो, चव बिघडते, आणि तांब्याच्या बाबतीत तर असे पेय पोटाला बाधू शकते. काचेच्या जाड बरणीत उकळते पाणी थेट ओतल्यास ती तडकण्याची भीती असते, म्हणून चहा मुरवण्यासाठी झाकणाचे स्टीलचे पातेलेच सोयीचे पडते.

पाण्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. पाणी जड असेल, म्हणजे त्यात क्षार जास्त असतील, तर त्यातील बायकार्बोनेट लिंबाचा थोडा आंबटपणा मारून टाकतात आणि चहाची चव बोथट लागते. लाल अंबाडीच्या चहाचा रंग अशा पाण्यात जांभळट, मळकट दिसतो. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल, तर तोच वास गार पेयात अधिक जाणवतो. पिण्यासाठी गाळलेले पाणी घ्यावे आणि बर्फही त्याच पाण्याचा करावा.

लिंबे मोजून घेण्यापेक्षा रस मोजून घ्यावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. एका लहान लिंबातून १५ मि.ली. रस निघतो आणि मोठ्या, रसाळ फळातून ४० मि.ली. किंवा अधिकही, त्यामुळे ‘चार लिंबे’ या मापाला काही अर्थ उरत नाही. मापाचा पेला आणि शक्य असल्यास लहान वजनकाटा हाताशी ठेवावा. वजनकाटा नसेल तर वाळलेल्या पाकळ्यांचे १२ ग्रॅम म्हणजे साधारण दोन सैल मुठी धरता येतील, मात्र बारीक चुरा झालेल्या वनस्पतीला हे माप लागू पडत नाही, कारण ती कमी जागेत जास्त मावते.

*तपासणी:* बर्फाचा एक खडा तोंडात टाकून पाहावा. त्याला फ्रीजरमधील मसाल्यांचा किंवा मासळीचा वास लागला असेल, तर तो बर्फ टाकून द्यावा. उघड्या ट्रेमधला बर्फ आजूबाजूचे वास सहज धरतो आणि मग त्या वासाचा दोष वनस्पतीच्या माथी येतो.

२. वनस्पतींची निवड

सर्व वनस्पती एकाच वेळी पाण्यात टाकता येत नाहीत, आणि मिश्रण करणाऱ्यांचे इथेच चुकते. मुळे, खोडे आणि कठीण साली यांचा अर्क मंद आचेवर उकळूनच निघतो, तर कोवळी पाने आणि फुले उकळत ठेवल्यास त्यांचा सुगंध वाफेबरोबर निघून जातो आणि मागे तुरटपणा राहतो. आपल्याकडे काढा आणि नुसते गरम पाण्यात मुरवणे हे दोन वेगळे प्रकार मानले जातात, तो भेद इथे काटेकोरपणे पाळावा.

- आले: २० ग्रॅम, पातळ चकत्या. मंद आचेवर १० मिनिटे उकळावे. किसून घेतल्यास पेय गढूळ होते.
- गवती चहा: ताजा २५ ते ३० ग्रॅम, पाती कात्रीने कापून आणि खालचे जाड देठ ठेचून. ५ मिनिटे मंद उकळी आणि मग झाकून १० मिनिटे.
- लाल अंबाडी: वाळलेली १२ ग्रॅम. आच बंद करून ७ ते ८ मिनिटे मुरवावी.
- पुदिना: ताजी पाने ३० ग्रॅम. आच बंद करून ५ ते ६ मिनिटे.
- तुळस: ताजी पाने १५ ग्रॅम पुरेशी होतात, कारण वास उग्र असतो. ५ मिनिटे.
- कॅमोमाइल: वाळलेली फुले ८ ग्रॅम. ४ ते ५ मिनिटे, त्याहून अधिक नाही, कारण पुढे ती कडवट होऊ लागतात.

मिश्रण करताना दोन, फार तर तीन वनस्पती घ्याव्यात आणि त्यांची मापे निम्मी किंवा तृतीयांश करावीत. आले आणि पुदिना, गवती चहा आणि तुळस, लाल अंबाडी आणि थोडे आले या जोड्या लिंबाबरोबर जुळतात. पाच-सहा वनस्पतींच्या मिश्रणात एकही चव ओळखू येत नाही, आणि पेय बिघडले तर कशामुळे बिघडले हे शोधणेही अवघड होते.

लाल अंबाडीबद्दल नेहमी एक गैरसमज आढळतो. चहासाठी वापरतात ते तिच्या फुलाखालचे मांसल, आंबट, लाल आवरण. कुंडीतल्या शोभेच्या जास्वंदीच्या पाकळ्यांनी रंग येतो, पण ती आंबट चव येत नाही, म्हणून एकीच्या जागी दुसरी घेतल्यास लिंबाचे प्रमाण चुकते.

सावधगिरी: विकत आणलेल्या पुष्पगुच्छातील किंवा फवारणी केलेल्या बागेतील फुले-पाने कधीही वापरू नयेत. गर्भवती स्त्रियांनी आणि रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी लाल अंबाडी, कॅमोमाइल किंवा ज्येष्ठमध यांचा चहा डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. ज्येष्ठमधाच्या अतिसेवनाने रक्तदाब वाढतो आणि शरीरातील पोटॅशियम कमी होते. शेवंतीच्या कुळातील फुलांची ॲलर्जी असलेल्यांनी कॅमोमाइल टाळावे.

३. दाट चहा काढणे

गरम प्यायच्या चहाच्या प्रमाणात केलेला चहा गार पेयात उभा राहत नाही. त्यात पुढे साखरेचे पाणी, लिंबाचा रस, गार पाणी आणि वितळणारा बर्फ असे चार द्रव पडणार असतात. म्हणून वर दिलेले प्रमाण नेहमीच्या चहाच्या सुमारे दुप्पट आहे. चहा फिका वाटला तर वनस्पती जास्त घ्यावी, मुरवण्याची वेळ वाढवू नये. वेळ वाढवली की सुगंध वाढत नाही, तुरटपणा आणि कडवटपणा मात्र वाढतो.

कृती अशी. ७०० मि.ली. पाण्याला खळखळून उकळी आणावी. आले किंवा गवती चहा असेल तर तो आताच घालावा, आच मंद करावी आणि झाकण ठेवून वर दिलेल्या वेळेपर्यंत उकळू द्यावा. नंतर आच बंद करावी, पाण्याचा खळखळाट थांबू द्यावा, आणि मग पाने किंवा फुले घालून लगेच झाकण लावावे. पुदिना, तुळस आणि गवती चहा यांचा वास त्यांच्यातील उडून जाणाऱ्या तेलांमुळे येतो. स्वयंपाकघरभर सुगंध दरवळला म्हणजे चहा छान होतो आहे असे वाटते, परंतु जो वास खोलीत पसरला तो पेयातून गेलेला असतो. झाकणाच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब पातेल्यातच परत झटकावेत, कारण त्या थेंबांत हाच वास धरलेला असतो.

पुदिन्याची पाने अखंड ठेवावीत. तळहातावर ठेवून एकदा हलकेच चापट मारली तरी पुरे. बारीक चिरलेला किंवा मिक्सरमधून काढलेला पुदिना काळपट होतो, गवतासारखा लागतो आणि गाळणीतून खाली उतरतो.

वेळ भरताच चहा गाळावा. गाळणीत उरलेला चोथा चमच्याने दाबून पिळण्याचा मोह आवरावा. त्यातून दोन-तीन चमचे पाणी जास्त निघते, पण त्याच पाण्यात गाळ आणि तुरटपणा उतरतो. लाल अंबाडीचा आणि आल्याचा चहा मलमलच्या ओल्या कापडातून दुसऱ्यांदा गाळल्यास तो अगदी नितळ दिसतो.

*तपासणी:* या टप्प्यावर एक चमचा चहा चाखावा. तो नुसता पिण्यास जरा जास्तच कडक वाटला पाहिजे. आताच तो बेताचा आणि छान लागत असेल, तर ग्लासात तो पाणचट लागणार हे नक्की.

उन्हात ठेवून केलेला चहा टाळावा. पाण्यात वनस्पती घालून बरणी दिवसभर उन्हात ठेवण्याची पद्धत दिसायला आकर्षक असली तरी तिच्यात पाणी फक्त कोमट ते गरम होते, जंतू मरण्याइतके तापत नाही, उलट त्यांच्या वाढीला पोषक ठरते. वाळलेल्या वनस्पतींवर माती आणि जंतू असू शकतात, त्यामुळे उकळत्या पाण्याची पायरी वगळू नये.

४. साखरेचे पाणी

गार पेयात साखर टाकून ढवळत बसणे हे या कामातले सर्वांत निष्फळ कष्ट आहेत. साखर गार पाण्यात विरघळते, पण फार सावकाश, आणि तोवर तिचे कण तळाशी बसतात. परिणामी पहिले घोट आंबट आणि शेवटचे घोट अतिगोड लागतात. ते पाहून माणूस आणखी साखर टाकतो आणि जग संपत आला की तळाशी पाक सापडतो.

१०० ग्रॅम साखर आणि १०० मि.ली. पाणी लहान भांड्यात घेऊन मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच ढवळावे. पाणी स्वच्छ, पारदर्शक झाले की आच बंद करावी. याचा एकतारी पाक करायचा नाही. जास्त आटवल्यास पाणी उडून जाते, गोडीचे माप बिघडते आणि गार झाल्यावर तो दाट पाक मिसळेनासा होतो. एवढ्या मापाचे सुमारे १६० मि.ली. साखरेचे पाणी तयार होते.

लिंबाच्या सालीचा सुवास हवा असेल, तर तो याच पायरीत आणावा. दोन लिंबांची फक्त पिवळी किंवा हिरवी वरची साल किसून घ्यावी आणि कोरड्या साखरेत बोटांनी चोळून अर्धा तास झाकून ठेवावी. साखर ओलसर होते आणि सालीतील तेल तिच्यात उतरते. मग पाणी घालून ती विरघळवावी आणि गाळून घ्यावी. साल किसताना खालचा पांढरा भाग आला की हात थांबवावा, कारण कडवटपणाचा मोठा साठा तिथे असतो.

मध वापरायचा असल्यास तो समान वजनाच्या कोमट पाण्यात आधी मिसळून घ्यावा, नाहीतर गार पेयात त्याची गुठळी तशीच राहते. एक वर्षाखालील बाळाला मध असलेले कोणतेही पेय देऊ नये. गुळाची चव आल्याच्या चहात शोभते, लाल अंबाडीच्या पेयात मात्र तो रंग मारतो.

ज्यांना साखर मोजून घ्यावी लागते त्यांच्यासाठी: वरील प्रमाणात २०० मि.ली.च्या प्रत्येक ग्लासात सुमारे १५ ग्रॅम साखर जाते, म्हणजे लहान सपाट चमच्याने साडेतीन ते चार चमचे. ती निम्मी केली तर लिंबाचा रसही तृतीयांशाने कमी करावा, नाहीतर पेय नुसते आंबट लागते.

५. गार करणे

चहा गाळून झाला की त्यात साखरेचे पाणी मिसळावे. दोन्ही गरम असताना ती एकजीव होतात. आता हे मिश्रण गार करायचे आहे, आणि घाई झाली तरी या पायरीवरून उडी मारून चालत नाही.

गरम चहा थेट बर्फावर ओतला तर किती पाणी वाढते, याचा हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे. ९० अंश सेल्सिअस तापमानाचा २०० मि.ली. चहा शून्य अंशापर्यंत आणण्यासाठी शून्य अंशावरचा सुमारे २२५ ग्रॅम बर्फ वितळावा लागतो, म्हणजे ग्लासात चहापेक्षा पाणीच जास्त होते. तोच चहा २५ अंशांवर आलेला असेल तर ६० ग्रॅमच्या आसपास बर्फ पुरतो. फ्रिजमध्ये ५ अंशांपर्यंत गार केलेल्या पेयाला १२-१३ ग्रॅम, म्हणजे एखादा लहान खडा बास होतो. पिता पिता पुढे वितळेल तो बर्फ यात धरलेला नाही. पाणचटपणाची तक्रार करणाऱ्यांनी वनस्पती बदलण्याआधी एवढी एकच गोष्ट बदलून पाहावी.

पातेले मोठ्या परातीत किंवा टबात ठेवून बाहेरून गार पाणी आणि बर्फ घालावा, आतले मिश्रण अधूनमधून ढवळावे. साधारण १५ ते २० मिनिटांत ते हाताला गार लागते. त्यानंतर झाकून फ्रिजमध्ये ठेवावे. वाफाळते मोठे पातेले तसेच फ्रिजमध्ये ठेवल्यास आतील इतर पदार्थ तापतात, आणि ओट्यावर रात्रभर ठेवल्यास चहा आंबू शकतो. काढल्यापासून दोन तासांच्या आत तो फ्रिजमध्ये गेला पाहिजे.

साधा काळा किंवा हिरवा चहाही मिश्रणात घातला असेल, तर फ्रिजमधून काढल्यावर पेय कधी कधी ढगाळ दिसते. चहातील कॅफिन आणि पॉलिफेनॉल गार झाल्यावर एकत्र येऊन गढूळपणा येतो, पेय नासलेले नसते. थोडे गरम पाणी घातल्यास ते पुन्हा निवळते. शुद्ध वनस्पतींच्या चहात हा त्रास सहसा होत नाही.

*तपासणी:* पातेल्याच्या बाहेरून हात लावावा. किंचितही ऊब जाणवत असेल तर लिंबाला हात लावू नये.

६. लिंबाचा रस: काढण्याची आणि घालण्याची वेळ

लिंबे फ्रिजमधून आधी काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावीत आणि ओट्यावर तळहाताखाली दाबून फिरवावीत, म्हणजे रस सहज सुटतो. मग आडवी कापून हलक्या हाताने पिळावीत. शेवटचा थेंब काढण्यासाठी साल उलटी करून पिळणारे बरेच असतात, परंतु त्या थेंबांबरोबर सालीचे तेल आणि पांढऱ्या भागाचा कडवटपणाही येतो. रस लगेच गाळून बिया वेगळ्या कराव्यात.

कडवटपणाचे हे दुसरे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण तो लगेच कळत नाही. लिंबूवर्गीय फळांच्या बिया, पडदे आणि सालीचा पांढरा भाग यांत असा एक घटक असतो, जो फळ अखंड असताना कडू नसतो, पण पिळल्यानंतर आम्लाच्या सान्निध्यात हळूहळू लिमोनिन या कडू पदार्थात बदलतो. त्यामुळे संध्याकाळी गोड-आंबट लागलेले पेय सकाळी कडू लागते. एकदा मी रात्री पूर्ण जग भरून त्यात शोभेसाठी लिंबाच्या चकत्या आणि पुदिन्याच्या काड्या सोडून ठेवल्या होत्या. सकाळी पाने काळी पडून तळाशी चिकटलेली होती, चकत्यांची साल फुगून पांढरट झाली होती, आणि पहिल्या घोटालाच जिभेच्या मागच्या बाजूला जी कडू चव बसली ती पाणी पिऊनही जाईना. सगळा जग ओतून द्यावा लागला. तेव्हापासून चकत्या आणि पाने मी फक्त ग्लासात, वाढतानाच घालतो.

रस नेहमी गार मिश्रणातच घालावा. गरम चहात पडलेल्या रसाचा ताजा वास उडून जातो, उकळलेल्या लिंबाची चव येते आणि क जीवनसत्त्वही काही प्रमाणात नष्ट होते.

सगळा रस एकदम ओतू नये. आधी दोन तृतीयांश घालावा, ढवळावा, चाखावा आणि मग उरलेला बेताबेताने घालावा. चहा लाल अंबाडीचा असेल तर ही पायरी पाहण्यासारखी असते. जड पाण्यामुळे जांभळट झालेला चहा लिंबाच्या प्रत्येक चमच्यागणिक उजळत जातो आणि शेवटी माणकासारखा लाल होतो, कारण त्यातील अँथोसायनिन हे रंगद्रव्य आम्लात लाल दिसते. गोकर्णाच्या निळ्या फुलांचा चहा याच कारणाने लिंबू पडताच जांभळा होतो. आले किंवा पुदिन्याच्या चहात असा रंग बदलत नाही, त्यामुळे तिथे फक्त जिभेवरच विसंबावे लागते.

७. गार पाणी, मीठ आणि अखेरची चव

आता ४०० मि.ली. गार पाणी घालावे आणि चिमूटभर मीठ टाकावे. मिठाची चव लागता कामा नये. उरलासुरला कडवटपणा दाबणे आणि गोडी खुलवणे एवढेच त्याचे काम आहे.

पेय गार झाल्यावर गोडी कमी जाणवते, म्हणून कोमट असताना बेताचे गोड लागलेले पेय बर्फात अळणी आणि आंबट वाटते. यासाठी जगातून चाखून निर्णय घेऊ नये. एका लहान पेल्यात ५० मि.ली. पेय घ्यावे, त्यात बर्फाचा एक खडा टाकून दोन मिनिटे थांबावे आणि मग चाखावे. पिणाऱ्याला जी चव लागणार आहे ती हीच. त्यानुसार राखून ठेवलेले १०० मि.ली. पाणी घालायचे की नाही, हे ठरवावे.

चव जुळत नसेल तर:

- फार आंबट: दोन चमचे साखरेचे पाणी आणि दोन चमचे साधे पाणी बरोबरच घालावे. नुसती साखर वाढवल्यास पेय जड होते.
- फार गोड: लिंबाचा रस एकेक चमचा वाढवावा. रसाने भागत नसेल तरच पाणी घालावे.
- कडवट: आणखी चिमूटभर मीठ आणि थोडी गोडी. लिमोनिनचा कडवटपणा मात्र याने पूर्ण जात नाही.
- पाणचट: साखर किंवा लिंबू वाढवून उपयोग नाही, कारण कमी पडला आहे तो चहा. एका कप पाण्यात अधिक कडक चहा काढून, गार करून मिसळावा.

८. वाढणे

ग्लास अर्धा बर्फाने भरावा आणि वर पेय ओतावे. बर्फाचे मोठे खडे लहान खड्यांपेक्षा सावकाश वितळतात. थोडा चहा बाजूला ठेवून त्याचाच बर्फ करून ठेवल्यास तो वितळला तरी चव फिकी होत नाही, आणि पाहुणे बराच वेळ बसणार असतील तर मला हाच मार्ग सर्वांत भरवशाचा वाटतो.

सोडा घालायचा असल्यास सातव्या पायरीतील साधे पाणी निम्मे करावे आणि ग्लासात पेय ओतल्यावर सर्वांत शेवटी वरून सोडा सोडावा. एकदाच हलके ढवळावे. जगात सोडा मिसळून ठेवल्यास तासाभरात बुडबुडे निघून जातात.

पुदिन्याचे ताजे पान आणि लिंबाची बिया काढलेली चकती ग्लासात वरून ठेवावी. दिवसभर थोडे थोडे असे आंबट-गोड पेय पीत राहणे दातांच्या वरच्या कठीण थराला, म्हणजे इनॅमलला, अपायकारक असते, म्हणून ते जेवणाबरोबर किंवा एका बैठकीत संपवावे, वर साधे पाणी प्यावे आणि त्यानंतर किमान अर्धा तास दात घासू नयेत.

९. आधी करून ठेवायचे असल्यास

पूर्ण मिसळलेले पेय त्याच दिवशी संपवावे. आदल्या दिवशी तयारी हवी असेल, तर साखरेचे पाणी घातलेला दाट चहा गाळून, स्वच्छ बाटलीत भरून, घट्ट झाकून ५ अंशांखाली ठेवावा. तो दोन ते तीन दिवस चांगला राहतो. लिंबाचा रस, गार पाणी आणि मीठ वाढण्याच्या दिवशी सहाव्या आणि सातव्या पायरीप्रमाणे घालावे. बाटलीत पाने, फुले किंवा आल्याच्या चकत्या राहू देऊ नयेत, कारण त्या मुरतच राहतात आणि चव रोज बदलत जाते.

उरलेला दाट चहा बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवता येतो. बाटलीतल्या चहावर फेस दिसला, तो दोरीसारखा चिकट झाला, किंवा झाकण उघडताना हवा सुटल्याचा आवाज आला, तर चाखून पाहण्याच्या भानगडीत न पडता तो टाकून द्यावा आणि बाटली उकळत्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्यावी.